मोंझाचे पहिले वळण: तीन रविवार आणि अर्ध्या सेकंदाचा हिशेब

ऑनलाइन मोटार शर्यतींच्या खेळांत सर्वाधिक गाड्या जिथे मोडतात ती जागा म्हणजे पहिल्या फेरीचे पहिले वळण, हे या खेळांत चार-सहा महिने काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तरीही त्या धडकेचे कारण विचारले की उत्तर एकाच शब्दात मिळते: घाई. आपल्या महामार्गांवरच्या ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीइतकेच ते उत्तर खरे आहे आणि तितकेच निरुपयोगीही, कारण घाई नेमकी कोणत्या क्षणी झाली आणि ती टाळायची म्हणजे पायाने नेमके काय करायचे हे त्यातून कळत नाही. पुढील प्रकरण एकाच वळणाचे आहे. त्या वळणावर मी लागोपाठ तीन रविवार गेलो. पहिल्यांदा मी दुसऱ्याला धडकलो, दुसऱ्यांदा दुसरा मला धडकला आणि तिसऱ्यांदा सुखरूप बाहेर पडलो. या तिन्ही वेळांचा रिप्ले थांबवून थांबवून पाहिल्यावर जे हाती लागले ते येथे मांडले आहे.

जागा आणि मांडणी

खेळ होता ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’, म्हणजे इटलीच्या कुनोस सिमुलाझिओनी या कंपनीने २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला जीटी-३ गाड्यांचा, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारपासून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा, सिम्युलेटर. आमच्या मंडळात पुणे, नाशिक आणि कोल्हापूरचे काही जण आहेत, नोकरीनिमित्त जर्मनीत राहणारे दोघे आहेत आणि उरलेल्या जागा त्या दोघांच्या तिकडच्या मित्रांनी भरलेल्या असतात. एकूण २० गाड्या, ४५ मिनिटांची शर्यत, सर्व्हर जर्मनीत. आम्हा इकडच्यांचा पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, त्यामुळे १५० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण पुढच्या हिशेबात ती येणार आहे.

मोंझा हा मिलानजवळचा, १९२२ साली बांधलेला, आज ५.७९३ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या वळणापर्यंत अर्ध्या किलोमीटरहून अधिक सरळ रस्ता आहे आणि त्याच्या शेवटी ‘व्हारियान्ते देल रेत्तीफिलो’ ही शिकेन, म्हणजे वेग तोडण्यासाठी मुद्दाम घातलेली आधी उजवी आणि लगेच डावी अशी अरुंद वळणांची जोडी आहे. तिचे आजचे रूप २००० सालचे आहे. रुंद आणि वेगवान सरळ रस्ता एकाएकी अशा जागी संपतो जिथे दोन गाड्या शेजारी शेजारी जेमतेम मावतात आणि तीन मावत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका ओलांडल्यावर दहा-बारा रांगा पुन्हा तीन पदरांत शिरताना जे होते तेच येथे होते, फरक इतकाच की येथे ताशी २३० किलोमीटरने होते.

या जागेला खऱ्या शर्यतींतलाही जुना आणि दुःखद इतिहास आहे. १० सप्टेंबर १९७८ रोजी इटालियन ग्रां प्रीच्या सुरुवातीला मागच्या रांगांतील गाड्या पूर्ण थांबण्याआधीच दिवा बदलला गेला. मागचे चालक धावत्या गाडीनिशी निघाले, पुढचे उभ्या गाडीनिशी, आणि शिकेनच्या आधी रस्ता निमुळता होतो तिथे ती सारी गर्दी एकमेकांवर चढली. त्यात जबर जखमी झालेला स्वीडनचा रॉनी पीटरसन दुसऱ्या दिवशी मरण पावला. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग वैद्यकीय गाडी धावण्याची पद्धत या अपघातानंतर रूढ झाली. आमच्या खेळण्यातल्या धडकेची त्या मृत्यूशी तुलना करण्याचा मोह मला नाही. परंतु यंत्रणा एकच आहे, आणि ती लक्षात घेण्याजोगी आहे: पुढच्या आणि मागच्या गाडीच्या वेगांत ऐन निमुळत्या जागी पडलेला फरक.

पहिला रविवार

मी चौदाव्या जागेवरून निघालो होतो. जीटी-३ मध्ये सुरुवात धावती असते. गाड्या दोन रांगांत एकमेकींना चिकटून येतात, हिरवा दिवा लागतो आणि सर्व जण एकाच वेळी ॲक्सिलरेटर तळाला नेतात. माझ्या रांगेत माझ्या पुढे बाराव्या क्रमांकाची गाडी होती. ती माझ्यापुढे सुमारे ०.३ सेकंद होती. तिच्या मागच्या पोकळ हवेत, म्हणजे स्लिपस्ट्रीममध्ये, माझी गाडी छान ओढली जात होती आणि मी मनातल्या मनात डावीउजवीकडे फट शोधू लागलो होतो.

सरावात मी या वळणाला ब्रेक लावण्याची खूण पक्की केली होती: वळण १५० मीटरवर आले असे सांगणारा कडेचा फलक. साठ-सत्तर फेऱ्यांत ती एकदाही चुकली नव्हती. शर्यतीत मात्र बाराव्या गाडीच्या पुढे तिघे जण एका ओळीत वळणाकडे निघाले होते, आणि त्यांच्या मागे जागा उरणार नाही हे ओळखून बाराव्याने फलकाच्या सुमारे २० मीटर आधीच ब्रेक लावला. त्याचे लाल दिवे लागलेले मी पाहिले. ही गोष्ट कबूल करायला मला रिप्ले दोनदा पाहावा लागला, कारण माझी स्मृती मला सांगत होती की दिवे लागलेच नाहीत. दिवे दिसले, हा घाबरला असे वाटले, आणि मी माझ्या फलकाची वाट पाहिली.

धडक फार मोठी नव्हती, पण वेळ वाईट होती. त्याच्या गाडीचे मागचे टोक डावीकडून ढकलले गेले, गाडी फिरून शेजारच्या रांगेत आडवी झाली, तेराव्याला बाजूला जायला जागा नव्हती, आणि आमच्या मागून येणाऱ्या दोघांना तर काय घडले हेही कळले नसावे. पाच गाड्या. व्हॉइस चॅटवर दोन सेकंद कोणी बोलले नाही आणि मग कोल्हापूरचा आवाज आला, “दादा, ब्रेक नावाचा एक पेडल असतो बघा.” वयाने मी मंडळात सर्वांत मोठा असल्यामुळे दादा म्हटले गेले. एरवी काय म्हटले गेले असते याची कल्पना वाचकांनी करावी.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण इथे लागू पडत नाही, कारण मागच्याला शहाणे व्हायला लागणारा वेळ पुढच्याच्या ठेचेपेक्षा जास्त असतो. हे विधान अलंकारिक नाही. त्याचा हिशेब मांडता येतो.

हिशेब

ताशी २३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६४ मीटर. शिकेनच्या तोंडाशी वेग ताशी ७० किलोमीटरवर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेएकोणीस मीटरवर आणायचा असतो. ब्रेक लागलेला असताना गाडीचे सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट धरले, तर या कामाला ३ सेकंद आणि सुमारे १२६ मीटर लागतात. सर्व चालक सारखेच उत्तम आहेत आणि सर्वांच्या गाड्या सारख्याच थांबतात असे क्षणभर धरू.

मी ०.३ सेकंद मागे आहे, म्हणजे त्याच्या नाकापासून माझ्या नाकापर्यंत १९ मीटर आहेत. त्यातून त्याच्या गाडीची साडेचार मीटरची लांबी वजा केली की मधली मोकळी जागा साडेचौदा मीटर उरते. सरळ रस्त्यावर हे अंतर पुष्कळ वाटते. पण आम्ही दोघांनी अगदी एकाच ठिकाणी ब्रेक लावला तरी वेग ७० वर येईपर्यंत तेच ०.३ सेकंद म्हणजे नाकापासून नाकापर्यंत ६ मीटरही राहत नाहीत, आणि मोकळी जागा जेमतेम सव्वा मीटर उरते. सेकंद तेवढेच राहतात, मीटर आटतात. वळणाच्या तोंडाशी गाड्यांची रांग बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी मिटते ती यामुळे. त्यात कोणाची चूक असावीच लागते असे नाही.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. त्याने ब्रेक लावला त्या जागी मी ०.३ सेकंदांनी पोचलो आणि पुढे २० मीटर म्हणजे आणखी ०.३ सेकंद फलकाची वाट पाहिली. तेवढ्या वेळात त्याचा वेग माझ्यापेक्षा ताशी ३० किलोमीटरहून अधिक कमी झालेला होता. मी ब्रेक लावल्यावर दोघेही सारख्याच गतीने मंदावत होतो, त्यामुळे हा फरक कमी होईना आणि अंतर मात्र सरसर संपत गेले. म्हणजे माझ्या पायाने पेडल पूर्ण दाबलेले असताना, गाडी अगदी सरावात थांबायची तशीच थांबत असताना धडक झाली. म्हणूनच धडकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया ‘मी तर माझ्या जागीच ब्रेक लावला’ अशी होती, आणि ती शब्दशः खरी होती.

मी दिवे दिसताक्षणी ब्रेक लावला असता तर? दिवा दिसल्यापासून पाय हलेपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. त्यात पुण्याहून जर्मनीपर्यंतच्या जाळ्याचा विलंब मिळवला की साधारण ०.४ सेकंद होतात. खेळाची प्रणाली पुढच्या गाडीची जागा तिच्या शेवटच्या ज्ञात वेगावरून अंदाजाने दाखवते. सरळ रस्त्यावर हा अंदाज उत्तम जमतो, पण ब्रेक लागण्याची बातमी मात्र तिला आधी कळू शकत नाही. तेव्हा ०.३ सेकंदांचे अंतर आणि ०.४ सेकंदांची प्रतिक्रिया हे गणित मुळातच तुटीचे होते: तेव्हाही मी धडकलोच असतो, फक्त ३० ऐवजी २० च्या फरकाने आणि जरा उशिरा. ही गोष्ट मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्रेक लावण्याच्या क्षणी माझ्या हाती बरोबर असा कोणताही निर्णय उरलेलाच नव्हता. चूक त्याच्या पाच-सहा सेकंद आधी झाली होती, जेव्हा मी स्लिपस्ट्रीमचा आनंद घेत होतो.

वरच्या हिशेबात गाड्या सारख्याच थांबतात असे धरले आहे, तेही पहिल्या फेरीत खरे नसते. टायर अजून पुरते तापलेले नसतात आणि त्यांतला दाबही कमी असतो. दुसऱ्या गाडीच्या मागच्या पोकळ हवेत समोरून येणारा वारा कमी लागतो, म्हणून वेग वाढतो. पण तोच वारा ब्रेक लावताना गाडीला रोखण्याचे आणि खाली दाबून धरण्याचे कामही करत असतो, आणि ते कामही कमी होते. स्लिपस्ट्रीम ही उधारी आहे आणि ब्रेकच्या जागी ती व्याजासह फेडावी लागते. पकड केवळ १० टक्क्यांनी कमी झाली असे धरले, तर १२६ मीटरच्या शेवटी वेग ७० ऐवजी ९८ भरतो. सरावातला फलक हा मोकळ्या रस्त्यावर, तापलेल्या टायरांवर, एकट्याने धावणाऱ्या चालकाचा असतो. पहिल्या फेरीत त्या चालकाचे आणि माझे फारसे नाते नसते.

एक अवांतर, पण उपयोगी गोष्ट. माझ्या संगणकावरच्या रिप्लेत मी त्या गाडीला जेमतेम शिवलेला दिसतो, तर ज्याला मी धडकलो त्याने दाखवलेल्या रिप्लेत मी त्याच्या डिकीत शिरलेला दिसतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाचा रिप्ले त्याच्या संगणकाला जे कळले त्याची नोंद असतो आणि विलंबामुळे या दोन नोंदी जुळत नाहीत. केवळ आपल्या रिप्लेच्या जोरावर भांडायला जाऊ नये हे मी तेव्हा शिकलो, थोडेसे भांडून झाल्यावर.

दुसरा रविवार

धडा मी चुकीचा घेतला. उशिरा ब्रेक लावल्याने धडक झाली, तर लवकर लावू, असा सरळ विचार करून मी पुढच्या रविवारी १५० ऐवजी २०० मीटरच्या फलकावरच ब्रेक दाबला. त्या दिवशी पुढे कोणतीही गर्दी नव्हती आणि माझ्या पुढची गाडी नेहमीच्या जागेपर्यंत गेली. मागच्याच्या दृष्टीने पाहिले तर, मोकळा रस्ता पुढे असलेली गाडी ५० मीटर आधी, काहीही कारण नसताना थांबू लागली. तो मला धडकला. मी गवतात गेलो, तोही गेला. “ही काय टोलनाक्याची रांग आहे का?” असे त्याने विचारले आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मागच्या रविवारी मी जो होतो तो आता माझ्या मागे होता आणि बाराव्याच्या जागी मी होतो, फरक एवढाच की बाराव्याकडे लवकर थांबण्याचे कारण होते आणि माझ्याकडे नव्हते. ‘पहिल्या वळणाला लवकर ब्रेक लावा’ हा नवशिक्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला या कारणाने मला अपुरा वाटतो, किंबहुना गर्दीच्या मध्यभागी तो धोकादायक वाटतो. जो सर्वांत शेवटी आहे त्याने तो खुशाल पाळावा. ज्याच्या मागे कोणी आहे, त्याने लावलेला अनपेक्षित ब्रेक म्हणजे मागच्याला घातलेले तेच ०.३ विरुद्ध ०.४ सेकंदांचे तुटीचे गणित.

या दोन धडकांनंतर माझे खेळातील सुरक्षा मानांकन, म्हणजे धडका टाळण्याबद्दल खेळ देतो ते गुण, बरेच खाली आले. या मानांकनांविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. अनेकांना वाटते की संगणक दोषी कोण ते ठरवतो. २००८ पासून चालणाऱ्या आयरेसिंग या दुसऱ्या ऑनलाइन शर्यतीच्या खेळात तर उघडच दोषाचा विचार न करता संपर्काचे गुण दोघांच्याही खाती लावले जातात. जोराच्या धक्क्याला ४ गुण, मग धडकणारा कोणीही असो. अन्यायकारक वाटणाऱ्या या पद्धतीत एक व्यवहारी शहाणपण आहे, असे मला दुसऱ्या रविवारी जाणवले. दोष मागच्याचा होता की माझा यावर आम्ही अर्धा तास घालवला, पण टाळणे मात्र दोघांच्याही हातात होते.

तिसरा रविवार

मग प्रश्न असा मांडला: अंतर हवे आहे, पण ते ब्रेकच्या जागी निर्माण करायचे नाही. मग कुठे? उत्तर हिरव्या दिव्यापाशी सापडले. तिथे सर्वांचा वेग कमी असतो, प्रत्येक जण नुकताच निघत असतो, आणि एखाद्याने ॲक्सिलरेटर किंचित सावकाश दाबला तर मागच्याला तो थांबला असे वाटत नाही, केवळ जरा मंद निघाला असे वाटते. तिथे न जमल्यास सरळ रस्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात पेडल पूर्ण न दाबता थोडे राखून धरायचे. ताशी १५ किलोमीटरचा फरक चार सेकंद राहिला की सुमारे १७ मीटर मिळतात, म्हणजे ०.३ चे अंतर जवळजवळ ०.६ होते. किंमत तेवढीच: पाव ते तीन दशांश सेकंद. ४५ मिनिटांच्या शर्यतीत ही किंमत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

०.६ सेकंद हा आकडा आवडीचा नाही, वजाबाकीचा आहे. प्रतिक्रियेचे आणि जाळ्याचे मिळून ०.४ गेले की ०.२ हाती उरतात. मागच्याच उदाहरणात, म्हणजे पुढच्याने २० मीटर आधी ब्रेक लावला आणि मी दिवे पाहून ०.४ सेकंदांनी लावला तर, शिकेनच्या तोंडाशी आमच्यात सुमारे १६ मीटर मोकळे उरतात. मात्र येथे एक अट आहे आणि ती मला हिशेब पुन्हा करताना लक्षात आली. ०.६ सेकंदांचे अंतर ठेवूनही मी हट्टाने १५० च्या फलकाचीच वाट पाहिली असती तर धडक झालीच असती. अंतर विकत घेतले की डोळे फलकावरून काढून पुढच्या गाडीवर, खरे तर तिच्या काचेतून दिसणाऱ्या तिच्याही पुढच्या गाडीवर, ठेवावे लागतात. फलक अशा वेळी केवळ एक मर्यादा म्हणून उपयोगी पडतो: त्याच्या पलीकडे जायचे नाही, एवढेच.

त्या रविवारी मी पंधराव्या जागेवरून निघालो. अंतर ठेवले आणि ठेवताच शेजारच्या रांगेतील एकाने ती मोकळी जागा पाहून त्यात गाडी घातली. या पद्धतीवर हा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मोकळी जागा दिसली की कोणीतरी भरतो, मग ती दादर स्थानकाच्या फलाटावर असो की मोंझात. मी सोळावा झालो. संताप गिळून पुन्हा थोडा पाय उचलला. ब्रेकच्या जागी माझ्यापुढे मोकळे अंतर होते, मागच्याला माझे दिवे त्याच्या अपेक्षेच्या जागीच दिसले, आणि माझ्या पुढचे दोघे उजव्या वळणात शेजारी शेजारी शिरले.

येथे या शिकेनच्या घडणीविषयी सांगायला हवे. पहिले वळण उजवे असल्यामुळे उजवीकडचा चालक आतल्या बाजूला असतो आणि त्याला वाटते की जागा आपली. पण लगेच डावे वळण येते आणि तोच चालक बाहेरच्या बाजूला जातो. डावीकडचा चालक पहिल्या वळणात तग धरून राहिला की दुसऱ्यात आपोआप आतला होतो. म्हणजे दोघांनाही, आपापल्या वळणापुरते, आपले बरोबर आहे असे प्रामाणिकपणे वाटत असते, आणि धडक उजव्यात न होता उजव्या-डाव्याच्या सांध्यावर होते. त्या रविवारी तिथेच झाली. आतल्या कर्बवर, म्हणजे वळणाच्या काठच्या उंचवट्यावर, आपटून एक गाडी उसळली, दुसरी तिच्यावर गेली, आणखी तीन त्यांच्यामागे अडकल्या. मी पहिल्या गियरमध्ये जवळजवळ थांबलो, डावीकडच्या कर्बलगत गाडी काढली, आणि पुढच्या कुर्वा ग्रांदे या लांब उजव्या वळणात आलो तेव्हा अकरावा होतो. कोणालाही मागे टाकण्याचा प्रयत्न न करता पाच जागा मिळाल्या होत्या.

रांग निवडायची मोकळीक असेल तर या वळणाला मी डावी बाजू निवडतो, आणि ती वेगासाठी नव्हे. शिकेन बांधण्याआधीचा रस्ता जिथे सरळ पुढे जात होता ती जुनी वाट आजही निसटण्याची जागा म्हणून मोकळी आहे, आणि डावीकडच्या गाडीला तिच्यात सरळ जाता येते. थोडा वेळ जातो, वाट चुकवून फायदा घेतल्यास दंडही होतो. पण गाडी शाबूत राहते. उजवीकडच्याला अशी वाट नसते. सर्वांत वाईट अवस्था मधल्याची, ज्याला निर्णय घेण्याइतकीही जागा नसते. आजूबाजूच्या गाड्या बोलून सांगणारे क्रू चीफ हे सहायक ॲप जेव्हा ‘तीन गाड्या शेजारी, तू मध्ये’ अशा अर्थाचे काही सांगते, तेव्हा माझ्या मते एकच काम उरते: पेडल हलके करून त्या ओळीतून मागे सरकणे. बाकी काहीही करायला गेलो तर दोन्ही बाजूंच्या चालकांच्या संमतीची गरज पडते.

इतरांनी सुचवलेले उपाय

मंडळात या तीन रविवारांनंतर चर्चा झाली. एकाने पिट लेनमधून, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या बाजूच्या गल्लीतून, निघण्याचा उपाय सांगितला. सगळ्यांना जाऊ द्यावे आणि मागून निवांत निघावे. मानांकन वाचवायला तो चांगला आहे, पण गर्दीतून जायचे शिकायला मुळीच नाही. दुसऱ्याने एफ-वन मालिकेतील खेळांचे उदाहरण दिले, ज्यांत फक्त पहिल्या फेरीपुरत्या धडका बंद ठेवण्याची सोय असते आणि गाड्या एकमेकींतून आरपार जातात. सार्वजनिक खोल्यांसाठी हे समजण्याजोगे आहे. आमच्यासारख्या ओळखीच्या वीस जणांत मात्र ते मला पटले नाही, कारण धडक बंद केली की ब्रेक उशिरा लावण्याची किंमतच जाते, आणि पहिल्या फेरीतल्या जागा त्यालाच मिळतात जो सर्वांत बेफिकीर आहे. नाशिकच्या एकाने पहिल्या शिकेनपर्यंत सर्वांनी आपापली रांग सोडायची नाही असा नियम सुचवला. तो आम्ही स्वीकारला आणि तो बराच उपयोगी पडला, कारण ०.६ च्या अंतरात बाजूच्या रांगेतून होणारी घुसखोरी त्याने थांबली.

मोंझाचा हा हिशेब जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे. पुढची शर्यत आम्ही बेल्जियमच्या स्पा-फ्राँकोरशाँवर ठेवली आहे. तिथले पहिले वळण ला सूर्स हे सुरुवातीच्या रेषेपासून इतके जवळ आहे की हिरव्या दिव्यानंतर अंतर निर्माण करायला सरळ रस्ताच मिळत नाही. २०१२ च्या बेल्जियन ग्रां प्रीत याच वळणाच्या अलीकडे रोमँ ग्रोझाँने सुरुवातीलाच उडवून दिलेल्या धडकेत अनेक गाड्या गेल्या होत्या आणि त्याला पुढच्या शर्यतीला मुकावे लागले होते. ती पुढची शर्यत मोंझाचीच होती. स्पावर तेव्हा अंतर दिवा लागण्याआधीच हातात असायला हवे, पण मिरवणुकीच्या फेरीत, म्हणजे हिरव्या दिव्याआधी रांगेने संथ मारायच्या फेरीत, फार मागे राहिले तर खेळ इशारा देतो आणि मग दंड करतो. इशारा येण्याआधी नेमके किती मागे राहता येते हे मी या आठवड्यात एकट्याने सर्व्हर उघडून, संगणकाच्या गाड्यांमागे फिरून मोजत बसलो आहे.